आमचा स्पष्टवक्तेपणा

दुपारी एक वाजता आमच्या कचेरीत डबे उघडतात आणि डब्यांबरोबर आमचे तोंडही उघडते. भेंडीची भाजी संपेपर्यंत आम्ही क्रिकेटच्या संघाची निवड केलेली असते, दिल्लीच्या हवेचा निकाल लावलेला असतो आणि आठव्या वेतन आयोगास चार उपयुक्त सूचनाही करून ठेवलेल्या असतात. आम्ही स्पष्टवक्ते आहोत, अशी आमची ख्याती आहे. ती आमच्या मजल्याखाली उतरलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

ती उतरत नाही याचे कारणही भरभक्कम आहे. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. सरकारने अलीकडे आमचे नाव बदलून 'कनिष्ठ सचिवालय सहाय्यक' असे केले. परंतु बारावीवर भागणाऱ्या परीक्षेस आम्ही पदवीधर असून बसलो आणि आनंदाने उत्तीर्ण झालो, तेव्हा कारकून म्हणवून घेण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. आमच्यासाठी १९६४ ची वर्तणूक नियमावली आहे. तिच्या नवव्या नियमान्वये केंद्र वा राज्य सरकारच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका ठरेल असे मत आम्हांस प्रसिद्ध करता येत नाही; मतच काय, तसे वस्तुस्थितीचे विधानही करता येत नाही. पुष्कळ सहकारी या नियमाला पायातील बेडी समजतात. आम्हांस मात्र तो पावसाळ्यातल्या छत्रीसारखा वाटत आला. जेथे बोलण्याचे धैर्य होत नाही, तेथे 'आम्ही सरकारी नोकर, आम्हांस बोलता येत नाही' असे म्हणून ती छत्री उघडावी.

परंतु वाचकहो, या छत्रीत एक मोठे भोक आहे. ज्यांच्यामुळे आमचे रक्त रोज आटते ती माणसे सरकार नव्हेत. मेट्रोतील माणसे उतरण्यापूर्वीच आत घुसणारा सद्गृहस्थ, रांगेत 'फक्त एक विचारायचे आहे' म्हणून पुढे जाऊन तिकीट घेऊनच परतणारी बाई, लाल दिवा हिरवा होण्याआधी मागून भोंगा वाजविणारा मोटारवाला, आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफिती सबंध डब्यास ऐकविणारा तरुण, यांच्याविषयी बोलण्यास कोणताच नियम आड येत नाही. तरीही आम्ही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजता बोलतो.

या साऱ्या उपद्रवांत ध्वनिक्षेपकाला आम्ही पहिला मान देतो. रांग मोडणाऱ्याकडे पाठ फिरविता येते. आवाजाकडे पाठ फिरविता येत नाही. डोळ्यांस देवाने पापण्या दिल्या, कानांस दिल्या नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये. निवासी भागात आवाज दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपलीकडे जाऊ नये. सणासुदीसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. २०२५ च्या नवरात्रात दिल्लीतील रामलीला व दुर्गापूजेच्या मंडपांस मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळाली, ती याच सवलतीतून. याविषयी आमचे मत काय, असे कोणी विचारील, तर आम्ही नवव्या नियमाकडे बोट दाखवू.

या प्रश्नाकडे आम्ही बरीच वर्षे विनोदाचा विषय म्हणूनच पाहत आलो. पुढे सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल वाचनात आला आणि हसू मावळले. ज्या अर्जावर तो निकाल झाला त्याचे निमित्त म्हणजे जानेवारी १९९८ मधील वर्तमानपत्रांतील एक बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती ओरडली, परंतु शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी चालू होती आणि तिचा आवाज कोणाच्याही कानी पडला नाही. पुढे तिने स्वतःस जाळून घेतले. ही बातमी वाचून एक अभियंता न्यायालयात गेला. बोलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे, परंतु इतरांस बळेच ऐकविण्याचा हक्क कोणासही नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. शेजारच्या गाण्यात माणसाची किंकाळीसुद्धा बुडते, हे आमच्या डब्यावरच्या व्याख्यानांत कधी आले नव्हते.

एवढे ज्ञान पदरी असून आम्ही काय केले, ते आता सांगतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात आमची आई वाईहून आमच्याकडे आलेली होती. हृदयविकाराच्या झटक्यातून ती उठली त्यास जेमतेम दहा दिवस झाले होते. आमच्या सरकारी वसाहतीच्या बागेत त्या रात्री कोणा मुलीच्या लग्नाचा मांडव पडला. साडेअकरा झाले तरी खिडकीची तावदाने थरथरत होती. आई उशी कानावर घेऊन बसून राहिली. आम्ही येरझारा घालीत एका तक्रार-अर्जाचा मसुदा मनात तयार केला. 'सविनय सादर' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत तो निर्दोष उतरला.

आई म्हणाली, "अरे, खाली जाऊन दोन शब्द सांग ना त्यांना."

"आई, शेजारची माणसं आहेत. उद्या तोंड दाखवायचं आहे."

"ऑफिसात कुणाची भीड ठेवत नाहीस म्हणून सांगतोस. ती भीड काय घरी आणून ठेवतोस?"

या वाक्यानंतर आम्हांस चपला घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मांडवात वधूपित्याने आम्हांस पाहताच दोन्ही हात धरले. आम्ही आईच्या प्रकृतीचा उल्लेख केला; गाण्याच्या गोंगाटात तो त्यांस ऐकू गेला की नाही, देव जाणे. ते आमच्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "भाईसाहब, शादी रोज़-रोज़ थोड़े ही होती है!" आणि त्यांनी गुलाबजामांची एक ताटली आमच्या हाती दिली. ती घेऊन आम्ही वर आलो. आईने ताटलीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि पुन्हा उशी कानावर घेतली.

जिना चढताना आम्हांस त्या गृहस्थांचा राग यावयास हवा होता. तो आला नाही. कारण ते वाक्य कोठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते, आणि दुसऱ्या मजल्यावर आठवले की ते आमचेच होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील गोष्ट. वसाहतीतील आम्ही मराठी मंडळी गणपती बसवितो आणि आम्ही त्या मंडळाचे चिटणीस आहोत. महाराष्ट्रापासून इतके दूर राहणाऱ्या माणसांस त्या पाच दिवसांत आपण कोणीतरी आहोत असे वाटते, हे या मासिकाच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. चौथ्या रात्री नाट्यगीतांचा कार्यक्रम रंगला होता आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते. तेव्हा समोरच्या इमारतीतील एक वयस्कर बंगाली गृहस्थ हात जोडून आमच्याकडे आले. त्यांच्या पत्नीस झोप लागत नव्हती. "दादा, थोड़ा धीरे कर दीजिए," एवढेच ते म्हणाले. आम्ही अत्यंत नम्रपणे हसलो आणि म्हणालो, "दादा, साल में एक ही बार तो गणपति आते हैं!" वर त्यांच्या हातावर मोदकही ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि ते निघून गेले. कार्यक्रम साडेअकरास संपला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना आम्ही दुर्गापूजेच्या ढाकांविषयी सडेतोड मत दिल्याचे स्मरते.

आमचे स्पष्ट मत विचाराल तर ते असे आहे: इतरांचा असतो तो गोंगाट, आणि आपला असतो तो उत्सव. या एका व्याकरणावर आपला सारा सार्वजनिक व्यवहार चालतो. त्यास कोणताही धर्म वा प्रांत अपवाद नाही. आणि आम्हीही नाही.

२०२५ च्या जुलैत मंडळाची सभा भरली. ध्वनिक्षेपक पावणेदहास बंद व्हावा आणि त्याचे तोंड इमारतींकडे नसावे, असा ठराव आम्ही मांडला. "आपल्याच सणाला आपणच कात्री?" असे एकाने विचारले. दोघांनी यापुढे वर्गणी न देण्याचे सूचित केले, आणि ज्यांच्याबरोबर आम्ही सहा वर्षे डबा खाल्ला ते आमचे परममित्र तीन आठवडे दुसऱ्या टेबलावर जेवले. ठराव एका मताने संमत झाला. कचेरीत दिलेल्या शेकडो मतांची आम्हांस कधी काही किंमत पडली नव्हती. हे पहिलेच मत, ज्याची पडली.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याआधीच्या रविवारी आम्ही त्या बंगाली गृहस्थांकडे गेलो. मनात क्षमायाचनेचा मसुदा तयारच होता. त्यांनी चहा दिला. मागील वर्षीच्या प्रसंगाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. आम्ही विषय काढण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "दादा, इस बार गणपति कौन-सी तारीख़ से कौन-सी तक है?" आम्हांस बरे वाटले. आम्ही तारखा सांगितल्या आणि म्हणालो, "आप ज़रूर आइए."

ते संकोचाने हसले. तेवढे पाच दिवस पत्नीस घेऊन गाझियाबादला मुलीकडे जाऊन राहावयाचे होते. त्यासाठी तारखा हव्या होत्या.

या वर्षी आवाज पावणेदहास बंद होईल, असे आम्ही त्यांस सांगितले. त्यांनी मान डोलावली, "बहुत अच्छा किया," असेही म्हणाले. तारखा मात्र त्यांनी भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून घेतल्या.