उंबरठ्याच्या आत

चंडीगड शहराची आखणी करताना ल कॉर्बुझिए या फ्रेंच-स्विस वास्तुरचनाकाराने प्रत्येक सेक्टर हे एक स्वतंत्र गाव मानले होते. दुकान, शाळा, दवाखाना आणि बाग माणसाला पायी जाता येईल इतक्या अंतरावर असावीत, ही त्यामागची कल्पना. सेक्टर ३४ हा शहराच्या दुसऱ्या टप्प्यातला. येथे कार्यालये आणि दुकाने आहेत, गुरुद्वारा आहे, प्रदर्शने आणि जत्रा भरतात ते मोठे मैदान आहे आणि शिकवणीवर्गांच्या इमारतींच्या रांगा आहेत. जवळच्या सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. नोकरीनिमित्त येथे आलेली आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलेली अनेक कुटुंबे या भागात आहेत. सकाळी बागेत चार फेऱ्या, परतताना दूध आणि वर्तमानपत्र, संध्याकाळी बाकावर समवयस्कांशी गप्पा, असा येथील ज्येष्ठांचा दिनक्रम वर्षानुवर्षे ठरून गेलेला होता.

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात तो एका रात्रीत थांबला. चंडीगडमध्ये संचारबंदी लागू झाली. बागा बंद झाल्या. भाजीपाला बसगाड्यांतून सेक्टरोसेक्टरी येऊ लागला. ज्या बसने माणसे प्रवास करीत, तिच्या दारातून बटाटे आणि टोमॅटो तोलून मिळू लागले. पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचे कारण वगळता घरीच राहावे, असे नमूद झाले. गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांचाही त्याच वाक्यात समावेश होता. ज्यांनी आयुष्यभर घर चालवले, त्यांना आता लहान मुलांच्या पंक्तीत बसावे लागले. ही बाब वरवर किरकोळ वाटते; ज्यांच्या वाट्याला ती आली, त्यांना ती किरकोळ वाटली नाही.

साथीचा रोग वृद्धांनाच अधिक गाठतो, असा काही नियम नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली आणि अनेक घरांत नातवंडांना वाढवण्याचे काम आजी-आजोबांवर येऊन पडले. त्याआधी प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले वयाच्या ६६ व्या वर्षी रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा वडीलधारे सेवा करणारे होते. करोना विषाणूने हे नाते उलटे केले. वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा फुफ्फुसांचा जुना आजार असला की धोका अनेक पटींनी वाढतो. तरुणाला जो आजार सर्दीसारखा भासतो, तोच वृद्धाला रुग्णालयात नेतो. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वीच माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे येथे धोका परक्यांकडून जितका, तितकाच आपल्या माणसांकडूनही असतो.

सेक्टर ३४ मधील एका दुमजली घराच्या तळमजल्यावर राहणाऱ्या मराठी दांपत्याची गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. आजोबा त्या वेळी ७६ वर्षांचे, आजी ७१ वर्षांच्या. मुलगा पुण्यात. वरच्या खोलीत हिमाचलमधून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी आलेली एक मुलगी भाड्याने राहत होती. गावी फोनला नीट संपर्क मिळत नसल्याने आणि वर्ग फोनवरच भरत असल्याने ती शहरातच राहिली होती.

मुलाचा रोज फोन येई. "बाबा, तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही," हे त्यातले ठरलेले वाक्य. एके दिवशी आजोबा उसळून म्हणाले, "अरे, तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा दिवसातून एकदा अंगणात फिरू देतात." मुलगा गप्प झाला. त्याची काळजी खरी होती आणि आजोबांचा राग रास्त होता. वृद्धांच्या सुरक्षिततेचा प्रश्न बहुतेक घरांत याच जागी येऊन अडतो. संसर्ग टाळण्यासाठी माणसाला खोलीत बसवले की त्याचे पाय दुबळे होतात, भूक मंदावते, झोप बिघडते. उतारवयात काही दिवस अंथरुणाला खिळून राहिले, तरी स्नायूंची शक्ती झपाट्याने घटते आणि तोल जाऊन पडण्याचे भय वाढते. तेव्हा नुसते दार बंद करणे म्हणजे एका संकटाच्या जागी दुसरे आणणे होय.

यातून मार्ग काढला तो आजींनी. त्यांनी मागच्या अंगणात सकाळ-संध्याकाळ वीस-वीस फेऱ्यांचा नेम घातला. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या दोन महिने पुरतील इतक्या आणून ठेवल्या. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवल्या. कोंदट खोलीत विषाणूचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, वाहत्या हवेत ते पांगतात. साबणाने वीस सेकंद हात धुण्यावर त्यांचा भर होता, कारण या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबण ते फोडतो. मद्यार्कयुक्त द्रव त्यांनी देवघरापासून आणि शेगडीपासून दूर ठेवला. तो पटकन पेट घेतो. ओल्या हातांनी निरांजन लावायला जाणे धोक्याचे असते, ही साधी गोष्ट त्या काळच्या सूचनांच्या गर्दीत अनेकांच्या ध्यानात आली नाही.

वरच्या मुलीबाबत मुलाचे मत स्पष्ट होते: तिने खाली येऊ नये. आजींनी ते निम्मेच मानले. ती रोज सायंकाळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तोंडावर मुखपट्टी बांधून बसे आणि सामानाची यादी घेई. आजोबांना कमी ऐकू येत असे. समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून ते बरेचसे समजून घेत, हे घरातल्यांनाही ठाऊक नव्हते. मुखपट्टी आल्यावर ते उघड झाले. मग ती मुलगी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवू लागली. तिचे देवनागरी हस्ताक्षर सुरेख होते, असे आजोबा कौतुकाने सांगत.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. दोघांनी पहिली मात्रा घेतली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. त्या महिन्याच्या अखेरीस आजींचे जेवण अचानक कमी झाले. दोन दिवस त्या बराच वेळ झोपून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी आजोबांना त्यांच्या धाकट्या दिराच्या नावाने हाक मारू लागल्या. ताप नव्हता, खोकला नव्हता. वयाचा परिणाम असावा, असे समजून आजोबांनी ते मनावर घेतले नाही. वृद्धांमध्ये हा आजार पुष्कळदा असाच येतो: ताप न येता नुसता गोंधळ, ग्लानी, अन्नावरची वासना उडणे किंवा विनाकारण पडणे. नेहमीचा माणूस नेहमीसारखा वागत नसेल, तर ते वय समजून सोडून देऊ नये.

तो बदल त्या मुलीच्या लक्षात आला. आजींनी यादीत एकच वस्तू तीनदा लिहून दिली होती. तिने प्राणवायू मोजण्याचे यंत्र मागवून आजोबांच्या हाती दिले. आजींच्या बोटांवर मेंदी होती आणि हात गार पडले होते. आकडा स्थिर होईना. गडद नखांमुळे आणि थंड बोटांमुळे हे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते, हे वाचून तिने हात शेकून, मेंदी नसलेल्या बोटावर पुन्हा मोजायला सांगितले. या वेळी आकडा ९० वर थांबला. ९४ च्या खाली गेल्यास डॉक्टरांना गाठावे, ही तेव्हाची सर्वत्र दिली गेलेली सूचना. त्याच रात्री आजींना रुग्णालयात नेण्यात आले.

संसर्ग कोठून आला, हे कधीच कळले नाही. दूधवाला, लसीकरणाची रांग, ती मुलगी, यांपैकी कोणीही कारण असू शकेल. मुलाने फोनवर एकदा तसे विचारलेही. आजोबांनी उत्तर दिले, "ती नसती तर मला कळलंच नसतं," आणि विषय बदलला.

आजी अकरा दिवसांनी घरी आल्या. खरी कसोटी त्यानंतर लागली. पलंगापासून खुर्चीपर्यंतचे चार पावलांचे अंतर त्यांना आधाराशिवाय कापता येईना. पहिला आठवडा फक्त उठून बसण्यात गेला. मग भिंतीला धरून उभे राहणे, मग खोलीच्या दारापर्यंत. न्हाणीघरात आजोबांनी भिंतीला लोखंडी दांडा बसवून घेतला आणि वाटेतली सतरंजी उचलून ठेवली. मुलीने पाटीवर रोजची पावले लिहायला सुरुवात केली. एखाद्या दिवशी आकडा आदल्या दिवसापेक्षा कमी भरे, तेव्हा आजी तो पुसून टाकायला सांगत. ती मात्र पुसत नसे.

नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. २०२० च्या नोव्हेंबरपासून पोस्टमन घरी येऊन अंगठ्याच्या ठशावरून हा दाखला तयार करून देऊ लागले. २०२१ मध्ये पोस्टमन आले तेव्हा आजोबांचा ठसा काही केल्या जुळेना; वयोमानाने बोटांवरच्या रेषा झिजतात. अंगठा झाला, तर्जनी झाली. आजी काठी टेकत बाहेरच्या खोलीत आल्या आणि कोमट पाण्याचे भांडे पुढे ठेवून म्हणाल्या, "अहो, हात जरा भिजवून कोरडे करा, मग लावा." उजव्या हाताचे मधले बोट चौथ्या खेपेला जुळले.