अकरा वजा चार

बी.कॉम. होणं हा तसा गुन्हा नव्हे, पण गावात ते कुणाला कळू देऊ नये. एकदा कळलं की गणपती मंडळाची वर्गणी, भिशीचा हिशेब, चुलत मेव्हण्याच्या लग्नातला आहेर, सगळं आपोआप आपल्या वहीत येऊन पडतं. त्यात मी बँकेत कारकून. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, आणि आमच्या खानापूर तालुक्याला दुष्काळाबद्दल कुणी शिकवायला नको.

तर अशा रीतीनं गेली बावीस वर्षं मी विट्यातल्या एका फुटबॉल क्लबाचा खजिनदार आहे. क्लबाचं नाव सांगत नाही. त्याचं खातं आमच्याच शाखेत आहे, आणि खातेदाराची माहिती बाहेर सांगणार नाही अशी सही मी नोकरीला लागताना करून दिली आहे. वास्तविक त्या खात्यात गुप्त ठेवण्यासारखं काही नाही. शिल्लक तीनशे बारा रुपये चाळीस पैसे. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

विट्यात फुटबॉल म्हटल्यावर तुम्ही हसणार, हसा. आम्हीही हसतो. सांगली जिल्ह्यात ‘मैदान’ म्हटलं की ते कुस्तीचंच. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले, कवठेपिरानचे मारुती माने 1964 साली. आंदळकरांनी तर लंगोट उतरवल्यावरही मातीची संगत सोडली नाही. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पोरं घडवली. तालमीला असा एक वस्ताद असला की तिला मरण नसतं. आमच्या क्लबाला वस्ताद नव्हता, खजिनदार होता.

कोल्हापूरकरांची गोष्ट वेगळी. तिथं तालमींनीच फुटबॉल दत्तक घेतला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम! परक्या माणसाला वाटावं कुस्त्याच लागल्यात, आणि शाहू स्टेडियमवर कधीकधी तसं वाटायला जागाही असते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडून खेळला. आमच्या गल्लीतला एक जण कोल्हापूरला कॉलेजात गेला, नापास झाला आणि परत येताना एक फुटबॉल घेऊन आला. आमच्या क्लबाचा इतिहास एवढाच.

मी गोलकीपर होतो. ‘तू कॉमर्सचा, तुला जमा करायची सवय’ हे त्याचं कारण. सेंटर हाफ मात्र खरा खेळाडू होता. (नाव नाही. त्याचंही खातं आमच्याकडेच आहे.) 1999 साली आम्ही एका स्पर्धेच्या फायनलला पोचलो, शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य होतो, आणि एक अगदी सुस्त, वयस्कर म्हणावा असा चेंडू माझ्याकडे घरंगळत आला. मागून सेंटर हाफ ओरडला, “पाय मिटव!” मी मिटवले. तोवर चेंडू मधून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो मामाबरोबर केरळला निघून गेला. न बोलता. जायचं आधीच ठरलेलं होतं हे मला नंतर कळलं, पण पंचवीस वर्षं माझी समजूत अशी, की त्या माणसानं माझ्या दोन पायांना कंटाळून गाव सोडलं. त्यानं पत्र लिहिलं नाही, मीही लिहिलं नाही. एकमेकांच्या मुलांची नावं आम्हाला माहीत नव्हती.

तो गेला तो गलाईच्या धंद्यात. हे विट्याबाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. सोन्याचांदीच्या दुकानातला जुना माल, कचरा, घाण आणायची, मुशीत वितळवायची, तेजाबात टाकायची आणि शुद्ध धातू काढून द्यायचा, हा तो धंदा. हिंदुस्थानातल्या जवळजवळ प्रत्येक सराफकट्ट्यावर आमच्या भागातला माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. गावाला त्यानं पोटाला दिलं, पण क्लबाला खाल्लं. पोरगं जरा पायात चेंडू खेळवायला लागलं, की अठराव्या वर्षी त्याचा काका त्याला घेऊन जातो. आमचा राइट विंगर अमृतसरला, लेफ्ट विंगर तिरुपूरला आणि दोन्ही फुलबॅक गुवाहाटीला. इतक्या मोठ्या मैदानावर पसरलेला संघ जगात दुसरा नसेल.

होता होता सात पोरं उरली. सातांचा संघ कुठली स्पर्धा घेत नाही. खात्यावर व्यवहार होईना. दोन वर्षं व्यवहार नसला की बँक खातं निष्क्रिय ठरवते, म्हणून मी बँकेतर्फे क्लबाच्या खजिनदाराला रीतसर पत्र पाठवलं. ते मलाच आलं. मी उत्तर दिलं नाही. मग मी मला स्मरणपत्र पाठवलं, जरा कडक भाषेत. त्याचा मला रागच आला.

गेल्या दसऱ्याला सेंटर हाफ गावी आला. पालख्यांच्या शर्यतीला गलाईवाले कुठून कुठून येतात, तसाच. अध्यक्षांनी तातडीनं सभा बोलावली. सभेला अध्यक्ष आणि मी. मी पेपर वाचणारा असल्यानं त्यांना साल्फर्डची हकिकत सांगितली : इंग्लंडात मँचेस्टरला खेटून साल्फर्ड गाव आहे, तिथला क्लब अगदी खालच्या पायरीवर होता. गिग्ज, स्कोल्स, दोघे नेव्हिल बंधू आणि बट, या मँचेस्टर युनायटेडच्या माजी खेळाडूंनी 2014 साली तो विकत घेतला, आणि 2019 साली तो वर चढत चौथ्या डिव्हिजनमध्ये जाऊन बसला. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, “तितं पाच जण लागलं. आपला एकटाच हाय, पण सोन्यात हाय.”

सत्कार ठरला. शाल, नारळ, फेटा : सातशे साठ रुपये, माझ्या खिशातून. वहीत मी ते ‘अपेक्षित देणगीपोटी खर्च’ म्हणून मांडले. असलं खातं जमाखर्चाच्या कुठल्या पुस्तकात नाही, पण आशेला तरी कुठं आहे?

अध्यक्षांनी भाषणात ‘क्लबाला सढळ हस्ते’ हे शब्द चार वेळा उच्चारले. सेंटर हाफ उठला. पोट सुटलेलं, कानावर केस पिकलेले. फेटा सावरत म्हणाला,

“पोरं किती हायत?”

“सात,” अध्यक्ष ओशाळून म्हणाले.

“मग पुरं झाली की. आनी किती पायजेत?”

आम्हाला वाटलं भट्टीच्या धुरानं काहीतरी झालं असावं. मग त्यानं सांगितलं. तो राहतो त्या मलप्पुरम जिल्ह्यात भात निघालं की मोकळ्या शेतात सातासातांचे सामने लागतात. त्याला नावच ‘सेव्हन्स’. मैदान लहान. बांबूच्या गॅलऱ्या उभारतात, रात्री दिवे लावून खेळतात, तिकीट काढून हजारो माणसं बघतात. आफ्रिकेतून खेळाडू येतात, आणि ते कुठल्याही देशाचे असोत, लोक त्यांना ‘सुडानी’ म्हणतात. अधिकृत फुटबॉलवाले या खेळाकडं बघून नाक मुरडत आलेत, पण गॅलरी भरलेलीच. “पंचवीस वर्सं तेच बगतोय मी,” तो म्हणाला. “अकरा नाहीत म्हणून कुनी रडत बसत न्हाई तितं.”

“पण पैशाचं?” अध्यक्ष चिकाटीचे.

“बगू. आदी गोलपोस्ट आखूड करा.”

देणगी नाही! मी ‘अपेक्षित’ खोडून ‘बुडीत’ लिहिलं. इतकी वर्षं आम्ही अकरातून चार वजा करून शोक करत होतो. या माणसानं बेरीजच केली नाही, भागिलाच बदलला. मी बी.कॉम., सेकंड क्लास. मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे साडेपाचला मैदानावर. अंगात बनियन, खाली मल्याळी पद्धतीचं पांढरं मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडलेलं. चुकलं की मल्याळममध्ये शिव्या. पोरांना वाटलं ती फुटबॉलची परिभाषा, त्यांनी ती पाठ केली. महिन्याभरात आसपासच्या तीन गावांतले पाच-पाच, सात-सात पोरांचे उरलेसुरले संघ विचारत आले. अकराची टंचाई तिथंही होतीच, पाण्यासारखी. टेंभूचं पाणी तरी आलं.

प्रत्येक पोरानं शंभर रुपये जमा करायचे, असा त्याचा दंडक. त्यातली तिघं यंत्रमागावर रात्रपाळी करणारी, पण त्यांनीच आधी दिले. त्यानं स्वतः किती घातले ते सांगत नाही (गुप्तता). खातं पुन्हा चालू करायला क्लबाचा ठराव आणि खजिनदाराची कागदपत्रं लागतात. माझा अर्ज मी अपुऱ्या कागदपत्रांमुळं एकदा परत केला. दुसऱ्यांदा मंजूर केला आणि स्वतःला चहा पाजला.

त्याची परत जायची तारीख ठरली. आदल्या सकाळी मी पासबुक दाखवायला मैदानावर गेलो. आत पाऊल टाकलं नाही, कडेलाच उभा राहिलो. 1999 पासून मी कडेलाच उभा राहतो. त्या दिवशी गोलकीपर पोरगा रात्रपाळीहून आला नव्हता.

सेंटर हाफनं लांबून बघितलं. “ए खजिनदार! चपला काढ. सातवा कमी हाय.”

“अरे, माझे गुडघे...”

“गुडगे कुनी मागितल्यात?”

मी पासबुक खिशात घातलं, पँट दुमडली आणि आखूड केलेल्या गोलपोस्टमध्ये जाऊन उभा राहिलो. पोरं हसत होती. समोरच्या पोरानं दोन पावलं मागं जाऊन चेंडू हाणला.

मागून आवाज आला, “पाय मिटव!”

मी वेळेवर मिटवले. चेंडू डोक्यावरून गेला.