मी आणि मला

आई हल्ली म्हणते, ‘मला जिना चढवत नाही गं.’ पूर्वी म्हणायची, ‘मी येते, तू हो पुढे.’ मजले तेच तीन, पायऱ्याही त्याच. वाक्यातल्या ‘मी’चा तेवढा ‘मला’ झाला.

ही वाटणी मराठीला पक्की ठाऊक आहे. चालते मी, लिहिते मी, भांडतेही मीच. पण शिंक येते मला, उचकी लागते मला, नको तिथे हसू फुटतं तेही मला. यातलं काही मी करत नाही. ते येतं, लागतं, सुटतं, फुटतं. भूकसुद्धा ठेच लागावी तशी लागते. झोपेची तऱ्हा तर और. झोपायला जाते मी, झोप लागते मला, आणि ज्या रात्री ती लागावी म्हणून हट्ट धरावा त्याच रात्री हमखास लागत नाही. शाळेत मो. रा. वाळंब्यांच्या व्याकरणातून भावकर्तृक क्रियापदं पाठ केली होती, कर्ताच नसलेली: उजाडतं, सांजावतं, गडगडतं, आणि त्याच रांगेत मळमळतं. तेव्हा ही रांग विचित्र वाटली होती. पुढे एसटीतून घाट उतरताना, खिडकीची जागा मिळालेली नसताना, ती पटली. पोटात ढवळायला लागलं की आभाळ गडगडण्याइतकंच ते आपल्या हातात नसतं.

शरीर आपलं कितपत ऐकतं, हे चार्ल्स डार्विनने स्वतःवर करून पाहिलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर नावाच्या विषारी सापापुढच्या जाड काचेजवळ तोंड नेऊन तो उभा राहिला. साप अंगावर आला तरी हलायचं नाही, असं ठरवून. साप झेपावला आणि हे गृहस्थ एकदम यार्ड-दोन यार्ड मागे! काच मध्ये आहे हे ठाऊक होतं, निश्चय पक्का होता, दोन्ही कामी आले नाहीत. भावनांच्या आविष्कारावरच्या आपल्या १८७२ सालच्या पुस्तकात त्याने ही फजिती स्वतःच लिहून ठेवली आहे. या माणसाबद्दल मला आदर आहे तो थोडा उत्क्रांतीमुळे आणि बराचसा या उडीमुळे.

तव्याचा चटका बसला की हात मागे येतो, तो मेंदूला विचारून नव्हे. हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतूनच सुटतो. मेंदूकडे बातमी जरा मागून पोचते, म्हणून हात आधी आणि ‘आई गं’ नंतर. माझ्या आईचं मात्र निराळंच. जाळावर फुगत असलेली भाकरी ती बोटांनीच फिरवते. चिमटा शेजारी पडलेला असतो. बोटांना पोळत नाही असं नाही. पण भाकरी टाकायची नसते, हे तिच्या मेंदूने कण्याला कधीतरी दरडावून सांगितलं असणार, आणि पन्नास वर्षं कणा ते ऐकत आला आहे. मी तीच भाकरी उचलायला जाते आणि कानाची पाळी धरून उभी राहते.

काळीज असलं कुणाचं ऐकत नाही. दिवसाला लाखभर ठोके, त्यातला एकही माझ्या सांगण्यावरून पडलेला नाही. श्वास मात्र दोन्ही घरचा. लक्ष नसलं की आपला आपण चालतो, लक्ष गेलं की हातात येतो. लहानपणी मामाच्या विहिरीत पाण्याखाली कोण जास्त टिकतं याची पैज लागायची. नाक दाबून मी तळाकडे बघत राहायची. मग रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूच्या देठाशी धडका द्यायला लागायचा आणि पैज, इभ्रत, मामेभावाची खुन्नस, काहीच उरायचं नाही. डोकं पाण्याबाहेर. वर आले असं मी म्हणायची खरी, पण आणलं गेलं होतं मला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई कठडा धरून थांबते. ‘दम लागलाय.’ मीही थांबते. तिचे श्वास मोजायचे नाहीत असं ठरवते आणि मोजत राहते. हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते.

‘दिवाळीपर्यंत लिफ्ट बसणार म्हणतात,’ ती म्हणते.

हे मी चार दिवाळ्या ऐकतेय, असं म्हणायला तोंड उघडते आणि शिंक येते.

‘बघ, सत्य आहे,’ म्हणत आई पुढच्या पायरीवर पाय ठेवते.