भोसरीच्या भट्टीत

दोस्तांनो, पापड भाजताना कधी नीट पाहिलंय? विस्तवावर धरला की एक कड वर उचलते, मग दुसरी. ताटात ठेवला तर डुगडुगतो. पापडाचं ठीक आहे हो, पण रेडिओच्या पोटातल्या हिरव्या सर्किट बोर्डानं हेच केलं तर?

चला, भोसरीला जाऊ. पुण्याहून नाशिक रस्त्यानं निघालं की एमआयडीसी लागते. लेथची घरघर, तेलाचा वास, चहाच्या टपऱ्या. पण आपण चाललोय त्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर एकदम शांतता! चपला बाहेर, अंगात निळा एप्रन, मनगटाला वायरीचा पट्टा. आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक चिप मारू शकते, म्हणून.

तिथल्या ताईंनी फ्रिज उघडला. मला वाटलं, सरबत! निघाली राखाडी मलमाची डबी. ही सोल्डर पेस्ट. कथील, चांदी आणि तांबं यांच्या मिश्रधातूचे बारीक कण, आणि सोबत फ्लक्स. आजीला कल्हईवाल्याबद्दल विचारा. तो भांडं तापवून नवसागर लावायचा, म्हणजे मळ निघून कथील नीट धरायचं. फ्लक्सचं कामही तेच.

जेमतेम ०.१२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या भोकांतून ही पेस्ट बोर्डावर उमटते. मशीन वर भाग ठेवतं आणि बोर्ड सरकत्या पट्ट्यावरून लांबलचक भट्टीत शिरतो. सोल्डर वितळतं २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे, म्हणून भट्टी बोर्डाला २४० च्या आसपास नेते. पूर्वीचं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळायचं; पण २००६ पासून युरोपनं बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाला बंदी केली आणि जगभर भट्ट्या जास्त तापल्या.

गोची इथंच आहे. बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी. साध्या बोर्डातलं इपॉक्सी १३०-१४० अंशांनाच मऊ पडू लागतं! त्यात एका बाजूला तांबं जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असलं, की झालाच पापड.

काही चिपांना पायच नसतात. पोटाखाली सोल्डरच्या शेकडो गोळ्या असतात, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ऐन भट्टीत बोर्ड वाकला की काही गोळ्या पेस्टपासून सुटतात आणि त्यांच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते. गार होताना बोर्ड सरळ होतो, गोळी पुन्हा खाली टेकते, पण एकजीव होत नाही. उशीवर डोकं टेकावं तशी नुसती बसते. वरून बघाल तर सगळं झकास!

"मागं सलाईनच्या पंपाचे चाळीस बोर्ड परत आले," ताई म्हणाल्या. "आमच्या चाचणीत सगळे पास झाले होते, सर. दवाखान्यात मात्र मधेच बंद पडायचे. चिपवर बोट दाबलं की चालू, बोट उचललं की बंद."

आता पंपाला काय कोणी बोट दाबून बसणार? नशीब, नर्सच्या लक्षात आलं आणि पेशंटला काही झालं नाही. पण ताई तीन रात्री झोपल्या नाहीत. शेवटी एक बोर्ड आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा ती उशी दिसली. मग नकाशा बदलून दुसऱ्या बाजूलाही तांब्याची जाळी दिली, भट्टीत बोर्डाखाली आधाराची चौकट आली. पावसाळ्यात कोरे बोर्ड ओल धरतात, म्हणून ते आधी मंद आचेवर कित्येक तास सुकवतात.

निघताना ताईंनी एक कोरा बोर्ड माझ्या हाती दिला. "सांगा बरं, सरळ आहे का?" मी डोळ्यासमोर धरून बघितला. अगदी सरळ! त्यांनी तो ग्रॅनाइटच्या गुळगुळीत लादीवर ठेवला आणि मधल्या फटीत फीलर गेजच्या पात्या सरकवल्या. असल्या चिपांच्या बोर्डाला पाऊण टक्क्यापर्यंत वाक चालतो, म्हणजे २०० मिलिमीटर लांबीला दीड मिलिमीटर. माझा निघाला १.७.

ताई काहीच बोलल्या नाहीत. लाल बाणाचा स्टिकर काढला, बोर्डावर चिकटवला आणि तो बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिला.