शिकवा

माझा भाचा दिवसा नोकरी करतो आणि रात्री अंतराळात असतो. 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ आहे. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीने तो मे 2003 मध्ये सुरू केला. सात हजारांहून जास्त सूर्यमाला, आणि चीन सोडला तर सगळ्या जगाचे खेळाडू एकाच विश्वात. जहाजं खेळाडूच बांधतात, बाजारही तेच चालवतात. लढाईत जहाज फुटलं की ते गेलंच.

अशा खेळात काही नवीन येणार म्हटलं की खेळाडू खूश होतील असं कुणालाही वाटेल. भाचा मात्र म्हणतो, "खाला, आधी बघू तरी, यावेळी काय मोडून ठेवलंय ते." त्याचे सोबतीही असंच बोलतात. इतका शक कशासाठी, असं विचारलं तेव्हा त्याने 2011 ची हकिकत सांगितली. जुन्या खेळाडूंना ती पाठ आहे.

त्या वर्षीच्या जून महिन्यात 'इन्कार्ना' नावाची मोठी भर आली. जहाजातून उतरून स्थानकांमध्ये पायी फिरता येईल, माणसं भेटतील, हे वर्षानुवर्षांचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात मिळाली एक खोली. दार होतं, पण ते उघडत नव्हतं. सोबत एक दुकान आलं. त्यात पात्राच्या एका डोळ्याला लावायचा चष्मा साठ डॉलरांहून महाग होता. खेळाची महिन्याची वर्गणी 15 डॉलरच्या आसपास, आणि हा नुसता शोभेचा चष्मा! त्यातच कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेचा एक अंक बाहेर फुटला. खेळातल्या वस्तू खऱ्या पैशांत कशा विकायच्या, याची चर्चा त्यात होती. आज चष्मा, उद्या पैसे मोजणाऱ्याला जास्त ताकदीची तोफ, अशी धास्ती पसरली.

मग जिता या बाजारपेठेच्या सूर्यमालेत शेकडो जहाजं जमली आणि तिथल्या स्मारकावर गोळीबार करू लागली. स्मारक फुटणार नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते गोळ्या झाडत राहिले. अनेकांनी वर्गणी बंद केली. या खेळात 2008 पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेलं एक मंडळ असतं. त्या मंडळाला कंपनीने तातडीने रेक्याविकला बोलावलं. ताकद विकणार नाही, असा खुलासा झाला. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे 20 टक्के कर्मचारी कमी केले. चुकीचे निर्णय वर होतात आणि घर खालच्यांचं बसतं, हे अंतराळातल्या खेळातही खरंच. नोव्हेंबरमध्ये 'क्रूसिबल' आलं, त्यात पुन्हा जहाजांकडे लक्ष दिलं होतं. ती बंद दाराची खोली 2017 मध्ये काढूनच टाकली.

या लोकांना नवीन काही नकोच असतं, असा आरोप सहज करता येईल. पण मार्च 2009 मध्ये 'अपॉक्रिफा' आलं, तेव्हा सुमारे 2500 अनोळखी सूर्यमाला खुल्या झाल्या. नकाशा नाही, वाटा रोज बदलणार. खेळाडू त्यात आनंदाने शिरले. अनेकांनी तिथेच बिऱ्हाड थाटलं. म्हणजे त्यांचं भांडण नव्याशी नव्हतं. नवं म्हणून बंद दार दाखवणाऱ्यांशी होतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून एक शब्द मला नेहमी गंमतीचा वाटतो. उर्दूत 'शिकवा' म्हणजे तक्रार, पण आपल्या माणसाकडे केलेली. परक्याविरुद्ध शिकायत होते, शिकवा होत नाही. त्यात रुसवा असतो आणि नातं टिकावं अशी इच्छाही असते. तोच शब्द मराठीत म्हटला, की विनंती होते : आम्हाला शिकवा. स्मारकावर गोळ्या झाडणाऱ्यांचा शिकवा होता. ज्यांना काही देणंघेणं नव्हतं, ते मुकाट्याने निघून गेले असणार.

आमच्या शिक्षकांच्या खोलीतही दर काही वर्षांनी काहीतरी नवं येतं. नवं प्रशिक्षण, नवं ॲप, नवे तक्ते. एकदा एका प्रशिक्षणात मी विचारलं, "वर्गात साठ मुलं आहेत आणि फोन एक, मग हे करायचं कसं?" समोरचे साहेब हसून म्हणाले, "मॅडम, जरा सकारात्मक राहा." मी त्यानंतर दोन प्रशिक्षणांत गप्प बसले. मुलांचं त्यातून काहीही भलं झालं नाही.

आता विचारते. आणि वर्गात एखादी मुलगी नव्या धड्याकडे बघून "मिस, याचा उपयोग काय?" म्हणते, तेव्हा तिला खाली बसवत नाही. ती अजून विचारते आहे, म्हणजे ती अजून वर्गात आहे.