पांदणीतली धाव

दिग्रसच्या काळ्या रानात आषाढात धावायला निघालेला माणूस शंभर पावलांतच जड होतो. डांबर सोडून पांदणीला लागलं की बुटाच्या तळव्याला आधी मातीचा पातळ थर बसतो. त्यावर दुसरा. तिसऱ्या थरात गवताची काडी, गेल्या सालच्या पऱ्हाटीचं धसकट, एखादा खडा अडकतो आणि त्याच्या आधारानं चौथा थर घट्ट होतो. मग माणूस दोन बोटं उंच होतो आणि घोटे त्याचे स्वतःचे राहत नाहीत. थांबून बाभळीच्या काडीनं चिखल खरवडावा, धुऱ्यावरच्या ओल्या गवतात पाय घासावेत आणि निघावं, तर थोड्याच अंतरावर पुन्हा तेच. घड्याळ लावून धावणाऱ्याला ही जमीन वैरी वाटते. मला ती तशी कधी वाटली नाही. यवतमाळ जिल्ह्याचं सगळं जगणं ज्या मातीवर उभं आहे, तिचं वजन पायाला कळावं अशी याहून सरळ जागा मला ठाऊक नाही.

साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. तो खडक झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात याच वावरांना हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुरभुरीत माती त्या भेगांत ओघळत राहते, पावसात भेगा मिटतात, पुन्हा उन्हाळा येतो. नांगर लावा की लावू नका, ही जमीन सालोसाल स्वतःला वरखाली करतच असते. कापसाची मुळं तिच्यात खोल जातात आणि पाऊस लांबला तरी तग धरतात, ते तिनं पोटात धरलेल्या ओलीच्या भरवशावर. जी चिकण पिकाला जगवते तीच धावणाऱ्याचा पाय धरते.

पूर्वी तर ती साऱ्यांचेच पाय धरत असे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथे घालणारे लमाणांचे तांडे पावसाळ्यात मुक्काम टाकून बसत. फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, कारण त्याआधी तोफेचा गाडा या मातीतून निघणं शक्यच नव्हतं. दिग्रस, पुसद, मानोरा या टापूत आज जे बंजारा तांडे दिसतात, त्यांच्या वाडवडिलांनी या मातीचं वेळापत्रक कुठल्याही अधिकाऱ्याच्या हुकमापेक्षा जास्त पाळलं असेल. चार महिने थांबायचं म्हणजे थांबायचं.

माझी नेहमीची वाट धावंडा नदीकडच्या काळ्या वावरांमधून निघते, नाल्याच्या अंगानं चढत बरडावर जाते आणि पुढे सागाच्या जंगलाला लागते. खालचा भाग म्हणजे खरी पांदण. दोन्ही बाजूंनी बाभळी, हिवर, बोरी, मधूनच कडुनिंब आणि पळस. श्रावणात फांद्या वरून एकमेकींत शिरतात आणि आतला उजेड हिरवा होतो. बंडीच्या दोन चाकोऱ्यांत पाणी साचलेलं असतं, त्यांच्या मधला गवताचा पट्टा तेवढा पाय देतो. तिथं पाऊल लहान ठेवावं लागतं. टाच आधी टेकली की घसरलाच. नजर तीन पावलं पुढे हवी, कारण गवतात घोणसही असते आणि तिचा हक्क आपल्यापेक्षा जुना आहे. मृगाच्या सरींनंतर याच पट्ट्यावर लाल मखमली किडे फिरताना दिसतात. अंगभर आखूड दाट लव, हात लावला की पाय पोटाशी घेऊन निपचित. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून धावण्याचा ताल मोडतो आणि तो मोडावाच.

डवरणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला थांबवून सांगितलं होतं, “वाफसा येऊ दे बापू, मंग पय किती पयाचं तं.” डवऱ्याचे बैल सोडून तोही वाफशाचीच वाट पाहत बसला होता. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांत अशी एक वेळ येते की माती ओली असते पण चिकटत नाही, हातात दाबली तर मुटका होतो आणि बोटानं टोचला तर फुटतो. त्या वेळी पांदणीवरून धावणं म्हणजे सुख. जमीन पाय झेलते आणि परत देते. सिमेंटच्या रस्त्यावर गुडघे झिजवणाऱ्यांनी ते एकदा अनुभवावं असं मला मनापासून वाटतं. शेतकरी डवरा धरतो आणि मी बूट घालतो, तो मुहूर्त एकच असतो.

बरडावर चढलं की सगळं पालटतं. मुरमाची पातळ जमीन, पाणी तासाभरात निथळून जातं, पाय हलके होतात. बुटाचा चिखल खड्यांवर आपोआप झडतो. अजिंठ्याच्या रांगा पूर्वेकडे उतरत येतात त्या याच बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्यांनी. साग पावसाळ्यात फुलतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. शेंड्यावर पांढुरक्या फुलांचे मोठे तुरे येतात आणि वाऱ्यानं वाटेवर त्यांचा सडा पडतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो. भादव्यानंतर पानांतला हिरवा गर अळ्या खाऊन टाकतात आणि शिरांची नुसती जाळी उरते, तिच्यातून आभाळ दिसतं. उघडीप असेल त्या दिवशी या टेकड्यांवरून खालचा काळा-हिरवा पट्टा, सोयाबीन, तूर, पऱ्हाटी आणि त्यांच्या मधून गेलेली पांदणीची झाडांची रेघ दिसते.

भादव्यात मात्र खालच्या वावरांतून धावताना नाकात औषधाचा वास बसतो. पऱ्हाटी छातीपर्यंत आलेली असते, फवारणी चालू असते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. तो वास आला की मी मागे फिरतो. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला मागे फिरता येत नाही.

चिखलातून धावणारा मी काही एकटा नाही. डोंगरातल्या दलदलीतून धावणारी माणसं इंग्लंडातल्या पेनाइन डोंगरांत आहेत. तिथल्या माथ्यांवर पीटचा थर आहे. जमीन सदा पाण्यानं भरलेली, आम्लधर्मी. तिथं वाढणारं स्फॅग्नम शेवाळ मेलं तरी कुजत नाही, थरावर थर साचत जातं, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे कंबरेएवढ्या थराला हजार वर्षं. तीही माती काळीच, तीही पाय धरणारी. या डोंगरांच्या कण्यावरून सुमारे ४३० किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही पायवाट जाते आणि तिच्यावर ऐन जानेवारीत ‘स्पाइन रेस’ होते. २०१९ साली जास्मिन पॅरिस या धावपटूनं ती ८३ तास १२ मिनिटांत, सगळ्या पुरुषांच्या आधी पूर्ण केली. घरी तान्हं मूल होतं आणि वाटेतल्या थांब्यांवर ती त्याच्यासाठी दूध काढून ठेवत होती. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडे पाठीला लेकरू बांधून निंदणाला जाणाऱ्या बाया आठवल्या. त्यांच्या नावावर कुठलाही विक्रम नाही.

पण मला त्या दलदलीचं अगत्य वाटतं ते दुसऱ्याच कारणानं. त्या डोंगरांच्या पायथ्याशी मँचेस्टर आणि लँकेशायरच्या कापडगिरण्या होत्या. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि या गिरण्यांची भूक हिंदुस्थानाकडे वळली. त्याआधी १८५३ मध्येच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला तिकडच्या बाजारात अमरावतीवरून ‘उमरा’ हे नाव पडलं. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वे धावली तीही कापसासाठीच. या काळ्या मातीतला कापूस गेला, तिकडे कापड झालं, आणि गिरण्यांच्या धुराड्यांची काजळी आणि गंधकाचा धूर वर माथ्यावर जाऊन बसला. त्यानं स्फॅग्नम मेलं. शेवाळ गेल्यावर पीट उघडं पडलं, पावसानं वाहून जाऊ लागलं, त्यात चालणाऱ्यांच्या पायांनी भर घातली. पायवाट रुंदावत रुंदावत चिखलाचं मैदान झाली.

मग तिथल्या लोकांनी काय केलं? पाडलेल्या गिरण्यांच्या फरशीचे जुने, झिजलेले दगड हेलिकॉप्टरनं माथ्यावर नेले आणि चिखलावर एकापुढे एक मांडले. दगड आपल्याच वजनानं पीटवर बसतो, चालणारा त्याच्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंचं शेवाळ पुन्हा जीव धरतं. २००३ पासून त्या माथ्यांवरचं उघडं पीट पुन्हा झाकण्याचं मोठं काम चालू आहे. ज्या फरशीवर कापडाचे माग धडधडले तीच आता धावणाऱ्यांच्या पायाखाली आहे, आणि तिच्या कडेनं एक गवत उगवतं ज्याला पांढरं, कापसासारखं बोंड येतं. दिग्रसच्या पांदणीत चाकोरीतून पाय उपसताना मला त्या दगडांची आठवण होते. त्या गिरण्यांना कापूस पुरवणाऱ्या मुलखात शेताला जायला धड वाट अजून नाही, हे मला सोसत नाही.

त्या माथ्यांवर चालण्याचा हक्कही सहज मिळालेला नाही. किंडर स्काउट हा डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले शेकडो तरुण कामगार बंदी मोडून त्याच्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. बरोबर ३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६५ रोजी, पेनाइन वे रीतसर खुली झाली.

आपल्याकडे उलटं आहे. पांदण मुळात सगळ्यांची आहे. गाव नकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली असते. कागदावर हक्क शाबूत आहे, जमिनीवर वाट हरवते आहे. धुरेकरी दर साली नांगराचं एक तास पुढे सरकवतो, काटेरी कुंपण हातभर आत येतं, झाडं तुटतात आणि काही वर्षांनी वाटेच्या जागी पऱ्हाटीची ओळ उभी राहते. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ याचसाठी आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली शेतांच्या बांधावरून वाट मागता येते. पण भावकीत वाईटपणा कोण घेणार, म्हणून अर्ज होत नाही. पावसाळ्यात फारसं कुणी पांदणीनं जात नाही, आणि जिच्यावर पाऊल पडत नाही ती वाट गिळायला सोपी जाते.

धावणाऱ्याला चिखल आवडतो म्हणून शेतकऱ्यानं तो तुडवत राहावा, असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. ऐन सोयाबीन काढणीत पाऊस लागला की ढीग वावरातच भिजतो, ट्रॅक्टर आत जात नाही. आजारी माणसाला खाटेवर टाकून डांबरापर्यंत आणावं लागतं. २०२१ साली राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली ती याच गरजेतून, आणि पांदणी पक्क्या झाल्याच पाहिजेत. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. पक्कं करताना यंत्र आधी झाडं उपटतं. बाभळ, बोर, हिवर जातात, त्यांच्याबरोबर सुगरणीचे खोपे, मुंगसाची बिळं आणि दुपारी भाकर सोडायची सावली जाते. पेनाइनच्या माथ्यावर जेवढ्याला पाय लागतो तेवढीच फरशी टाकली, बाकी शेवाळाला सोडलं. इथंही बंडी आणि ट्रॅक्टरपुरतं खडीकरण करून झाडांची एक तरी रांग आणि कडेला हातभर मुरमाची पायवाट राखता येते. फक्त मोजणीच्या वेळी कुणीतरी ते मागायला हवं.

त्या मुरमाच्या पट्टीची गरज मला एकट्याला नाही. पहाटे दिग्रसहून निघणाऱ्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. अंधारात, डांबरावर, ट्रकच्या झोताला पाठ देऊन. अंगावर चमकणारी पट्टी नाही, पायात बाजारातले स्वस्त बूट. या तालुक्यातले खरे धावपटू तेच आहेत आणि त्यांच्या धावण्यावर घरादाराची आशा असते. वाहनांपासून दूर, मऊ, सावलीची वाट त्यांना गावाला लागूनच मिळू शकते. ती नकाशावर आधीपासून आहे.

तेव्हा ज्यांचं गाव या काळ्या मातीत आहे त्यांना माझी विनंती आहे. तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गावचा नकाशा पाहा. तुटक रेषा कुठून कुठे जाते ते बघा आणि तिच्यावरून पायी निघा. रेषा जिथं वावरात बुडालेली दिसेल तिथं भांडण न करता चार शेजारी गोळा करा आणि तहसीलदाराकडे अर्ज द्या. दिवाळीनंतर रस्त्यांची कामं सुरू होतात, अर्ज त्याआधी पोचलेला बरा.