शुक्राला लावलेलं घड्याळ

सूर्यापासून ग्रह किती लांब आहे हे मोजायला मी दुर्बीण नेत नाही. घड्याळ, वही आणि समुद्राचं मोकळं क्षितिज, एवढ्यावर भागतं. आकाशदर्शनाला हर्णैला आलेल्या पोरांचा त्यामुळे आधी हिरमोडच होतो.

१० जानेवारी २०२५ला शुक्राचा परम इनापगम होता, म्हणजे संध्याकाळच्या आकाशात तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर सरकला होता. अशा दिवशी पृथ्वी, शुक्र आणि सूर्य यांच्या त्रिकोणात शुक्रापाशी काटकोन होतो. मग आपल्याला दिसणाऱ्या कोनाची साइन काढली, की पृथ्वीचं अंतर एक धरून शुक्राचं अंतर मिळतं. कोन मोजायला घड्याळ पुरतं, कारण आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं.

सहा अठराला सूर्याची शेवटची कड पाण्यात गेली. मग शुक्र मावळेपर्यंत नुसतं बसून राहायचं. मासळीचा लिलाव कधीच उरकला होता, वाळू गार पडत होती. पोरांचे वडे संपले, भेंड्या संपल्या. नऊ वाजल्यानंतर शुक्र तांबूस होत गेला, आणि नऊ अडतीसला धुरकटात विरला. तीन तास वीस मिनिटं, म्हणजे पन्नास अंश. साइन ०.७७.

पुस्तकात ०.७२ असतं. “चुकलं,” एकजण म्हणाला, आणि वही मिटायला लागला.

मला विचाराल तर काम इथून सुरू होतं. जानेवारीत सूर्य पार दक्षिणेला असतो. शुक्र त्याच्या तेरा अंश उत्तरेला होता, त्यामुळे क्षितिजावरची त्याची वाट लांबली आणि सुमारे अठरा मिनिटं फुकटची मिळाली. ती वजा केली तर उत्तर ०.७१वर आलं. आता कमी पडलं! कारण उघड होतं : खरा मावळण्याआधीच धुरकटानं शुक्र गिळला होता, चार-पाच मिनिटं आधी. एक चूक दुसरीला झाकत होती. पुस्तकातून उतरवलेल्या ०.७२मध्ये हे कधी दिसत नाही.

“काका, पण किलोमीटर किती?” नववीतल्या एका मुलीनं बरोबर नस पकडली. या सगळ्यातून नुसतं गुणोत्तर मिळतं. केप्लरच्या नियमानंही गुरू ५.२ पट दूर एवढंच कळतं; कशाच्या पट, ते नाही. त्यासाठीच १७६१ आणि १७६९ची शुक्राची अधिक्रमणं, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, बघायला माणसं जगभर पांगली. फ्रान्सचा ल जाँती पहिल्या खेपेला भर समुद्रात अडकला, आठ वर्षं थांबला आणि दुसऱ्या खेपेला पाँडिचेरीत ढगांनी घात केला. ६ जून २०१२च्या अधिक्रमणाच्या सकाळी आमच्या गच्चीवर ढग होते, तेव्हा मला त्याचीच आठवण झाली. आता रडारमुळे तो प्रश्न उरला नाही. २०१२ साली खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वीचं ते एक धरलेलं अंतर, १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर असं ठरवूनच टाकलं.

ताऱ्यांपाशी मात्र माझं घड्याळ हात टेकतं. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेली, की जवळचा तारा मागच्या ताऱ्यांवर किंचित हललेला दिसतो. या हलण्याचा निम्मा कोन म्हणजे पराशय. १८३८मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला, तो कोनीय सेकंदाच्या जेमतेम एक तृतीयांश भरला. मुलांना सांगायचं तर दहा रुपयांचं नाणं अठरा किलोमीटरवर धरा, दापोलीच्याही पलीकडे, आणि इथून त्याची रुंदी मोजा. तो तारा सुमारे ११.४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे अगदी शेजारी.

वहीत ०.७७ तसंच आहे, शेजारी दोन्ही दुरुस्त्या. शुक्राचा संध्याकाळचा पुढचा परम इनापगम २०२६च्या ऑगस्टच्या मध्यावर आहे. कोकणात तेव्हा पाऊस असतो.